वखारीतील नाद

‘डीजे’ या शब्दाला मराठीत आता एक निराळाच अर्थ चिकटला आहे. गणपतीच्या मिरवणुकीत किंवा लग्नाच्या वरातीत ट्रकवर ध्वनिक्षेपकांची भिंत उभी करतात, तिच्यापुढे पोरे नाचतात, आणि दोन्ही बाजूंच्या घरांतली तावदाने थरथरू लागतात. या सगळ्या प्रकाराला आपल्याकडे डीजे म्हणतात. ‘डीजे लावला’, ‘डीजे बंद पाडला’ असे आपण सहज बोलून जातो. म्हणजे या शब्दात मुळात जो माणूस होता तो वाटेतच कुठेतरी गळून पडला आणि त्याच्या जागी कर्ण्यांचा ढिगारा येऊन बसला. परमुलखातून आलेल्या शब्दांचे असे व्हायचेच. मूळ शब्द ‘डिस्क जॉकी’. डिस्क म्हणजे तबकडी आणि जॉकी म्हणजे शर्यतीच्या घोड्यावरचा स्वार. तबकडीवर मांड ठोकून बसलेला हा स्वार कोण, तो हे काम शिकतो कोठे, त्याला पोटाला काय मिळते आणि कीर्ती आली तर ती कोणत्या वाटेने येते, हे सांगण्याचा या लेखात विचार आहे. त्यासाठी एकाच माणसाचे चरित्र पुरेसे आहे. त्याचे नाव फ्रँकी नकल्स.

फ्रँकीचे पाळण्यातले नाव फ्रान्सिस वॉरन निकल्स. जन्म 18 जानेवारी 1955 रोजी न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात, एका कृष्णवर्णीय कुटुंबात. मुलाला चित्रकलेची आवड होती, कपड्यांच्या रंगसंगतीची नजर होती. पुढे त्याने न्यूयॉर्कच्या फॅशन इन्स्टिट्यूटमध्ये वस्त्रकलेचे शिक्षण घ्यायला प्रारंभ केला. गाणे-बजावणे त्याच्या अभ्यासक्रमात कोठेच नव्हते, आणि तो कोणतेही वाद्य वाजवण्यात कधी प्रवीण म्हणून ओळखला गेला नाही. ज्या माणसाच्या नावाने पुढे संगीताचा एक संप्रदाय चालावा त्याची पूर्वतयारी ही एवढीच! परंतु त्याच सुमारास त्याला एक मित्र भेटला. लॅरी लेव्हन हा ब्रुकलिनचा मुलगा त्याच्याहून सहा महिन्यांनी मोठा होता. दोघांनाही नाचाचा विलक्षण नाद. दिवसा शाळा आणि रात्री नाचघरे असा त्यांचा क्रम सुरू झाला, आणि यथाकाल शाळा मागे पडली.

त्या वेळच्या न्यूयॉर्कमधली नाचघरे ही एक स्वतंत्र दुनिया होती. 1969 च्या सुमारास फ्रान्सिस ग्रासो नावाच्या एका तरुणाने, पूर्वी चर्च असलेल्या एका इमारतीतल्या नाचघरात, दोन तबकड्या एकापुढे एक अशा न वाजवता एकीत दुसरी मिसळून वाजवण्याची तऱ्हा पाडली होती. 1970 च्या फेब्रुवारीत डेव्हिड मॅनकुसो याने ब्रॉडवेवरच्या आपल्या राहत्या माडीवर निमंत्रितांसाठी नाचाची बैठक भरवली. तेथे मद्य विकत नसत. फळे, सरबत आणि उत्तमोत्तम यंत्रांवर वाजवलेले संगीत, एवढाच सरंजाम. या माडीवर काळे, गोरे, पोर्तो रिकोहून आलेले, श्रीमंत, कफल्लक सगळे एका फरशीवर नाचत. ही गोष्ट आज लिहायला सोपी वाटते. तेव्हा तिला किती धैर्य लागत असेल याची कल्पना आपल्याकडच्या पंगतींचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना सहज येईल.

आणखी एक गोष्ट येथे स्पष्टपणे सांगितली पाहिजे. या बैठकींना येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण समलिंगी होते. फ्रँकी आणि लॅरीही होते. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये दोन पुरुषांनी एकत्र नाचणे हे पोलिसांना धाड घालायला पुरेसे निमित्त असे. घरच्यांनी दार लावून घेतलेले, चर्चने तोंड फिरवलेले, नोकरीवरून काढलेले असे हे लोक. वाळीत टाकलेल्या माणसाला आठवड्यातून एक रात्र कोणी आत घेत असेल, तर ती जागा त्याला देवळासारखी वाटू लागते यात नवल नाही. हे ध्यानात घेतल्याखेरीज पुढचा इतिहास कळणार नाही.

निकी सियानो याच्या ‘गॅलरी’ नावाच्या नाचघरात या दोन मित्रांना पहिले काम मिळाले. काम काय, तर फुगे फुगवणे, मेजे मांडणे, आलेल्यांना काय हवे-नको ते बघणे. आपल्याकडे नाटक कंपनीत दाखल झालेले पोर आधी पडदे ओढायला शिके, तसेच हे. तेथून दोघे ‘कॉन्टिनेन्टल बाथ्स’ या ठिकाणी गेले. अँसोनिया या जुन्या, डौलदार हॉटेलच्या तळघरातले हे स्नानगृह. तेथे पोहण्याचा तलाव होता, नाचण्याची फरशी होती आणि लहानसा रंगमंचही होता. बेट मिडलर ही पुढे नावारूपाला आलेली गायिका तेथेच प्रथम गाजली. लॅरी तबकड्या वाजवी, आणि त्याच्या सुट्टीच्या दिवशी फ्रँकी. पुढे लॅरी दुसरीकडे गेला तेव्हा सगळी गादी फ्रँकीकडे आली. वय वीस-एकवीस.

ही कला नेमकी आहे तरी काय? ‘दुसऱ्याच्या तबकड्या लावायच्या, त्यात कला कसली?’ हा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात एव्हाना आलाच असेल, आणि तो गैर नाही. समजा, एक गाणे मिनिटाला 118 ठोक्यांच्या लयीत चालले आहे आणि पुढे लावायचे गाणे 122 चे आहे. वाजवणारा दुसऱ्या तबकडीची गती अंमळ उतरवतो, एका कानाला लावलेल्या यंत्रातून ते गाणे एकटाच ऐकतो, दुसऱ्या कानाने चालू असलेले ऐकतो, आणि दोन्हींचा ठोका ठोक्यावर बसला की हलकेच एकाचा आवाज चढवून दुसऱ्याचा उतरवतो. नाचणाऱ्याच्या पायाला सांधा कळता कामा नये. हे झाले हस्तकौशल्य, आणि ते चार-सहा महिन्यांत कोणालाही येते. खरी विद्या पुढची आहे. समोर हजार माणसे आहेत, त्यांतली कोणती दमली, कोणती अजून भिंतीला टेकून उभी आहेत, आता त्यांना चढवायचे की क्षणभर विसावा द्यायचा, हे ओळखून आठ-दहा तासांची एक सलग रात्र बांधावी लागते. कीर्तनकाराने पूर्वरंगात सभेचा अंदाज घ्यावा आणि श्रोत्यांत एक जांभई दिसताच चटकन नामाचा गजर सुरू करावा, त्याच जातीचे हे कसब. कीर्तनकाराचेही अभंग स्वतःचे नसतातच. म्हणून कोणी त्याला तुकोबांचा हमाल म्हणत नाही.

1977 साली रॉबर्ट विल्यम्स नावाच्या गृहस्थाने शिकागोत एक नवे नाचघर काढायचे ठरवले. विल्यम्स मूळचा न्यूयॉर्कचा. त्याला हवा होता लॅरी लेव्हन. पण लॅरीला न्यूयॉर्कमध्येच ‘पॅराडाइज गॅरेज’ उभे करून मिळत होते, त्याने नकार दिला. मग विल्यम्सने फ्रँकीला विचारले. दुसऱ्या पसंतीचे आमंत्रण! फ्रँकीने मानापमानाचा विचार न करता ते घेतले, बाडबिस्तरा उचलला आणि जेथे त्याला कोणी ओळखत नव्हते अशा शहरी येऊन राहिला. पुढे शिकागोने त्याला आपला म्हटले, आणि तोही शेवटी शिकागोचाच होऊन गेला.

दक्षिण जेफरसन रस्त्यावरची 206 क्रमांकाची इमारत ही जुन्या कारखान्याची तीनमजली वास्तू. तिला नाव पडले ‘वेअरहाउस’. आपल्या भाषेत वखार. मराठी माणसाला वखार म्हटले की राजापूर आठवते आणि 1661 साली महाराजांनी इंग्रजांची उडवलेली दाणादाण आठवते. या वखारीत मात्र माल नव्हता. शनिवारी रात्री दारे उघडत आणि रविवारी दुपार झाली तरी नाच चाललेला असे. मद्य नाही, फळांचा रस आणि पाणी. उन्हाळ्यात भिंतींना घाम फुटे. फ्रँकी कधी सगळे दिवे मालवून टाकी आणि धाडधाड येणाऱ्या आगगाडीचा आवाज एका बाजूच्या ध्वनिक्षेपकातून दुसऱ्या बाजूला नेई; अंधारात गाडी आपल्या अंगावरूनच गेली असे वाटून लोक किंचाळत आणि मग दुप्पट जोमाने नाचत. येणारे बहुतेक काळे, बहुतेक समलिंगी. पुढे बातमी पसरली तशी इतरही पोरे येऊ लागली. फ्रँकी या जागेबद्दल बोलताना देवापासून दुरावलेल्यांच्या देवळाची उपमा देत असे, आणि ती त्याच्या तोंडी शोभून दिसे, कारण त्याच्या संगीतात कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भजनांचा कंठ नेहमी असे.

आता या कथेत एक चमत्कारिक रात्र येते. तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे.

1970 नंतरच्या दशकात डिस्को नावाच्या नृत्यसंगीताने अमेरिका व्यापून टाकली होती. नाचघरांतून निघालेले हे संगीत 1977 च्या ‘सॅटरडे नाइट फीव्हर’ या चित्रपटाने घरोघर नेले, आणि मग ज्याचे अति होते त्याचा वीट येतो या न्यायाने त्याच्याविरुद्ध ओरड सुरू झाली. शिकागोच्या नभोवाणीवर स्टीव्ह डाल नावाचा एक निवेदक होता. त्याने डिस्कोविरुद्ध मोहीमच उघडली. 12 जुलै 1979 रोजी कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर दोन सामने होते, शिकागो विरुद्ध डिट्रॉइट. जो कोणी डिस्कोची एक तबकडी घेऊन येईल त्याला 98 सेंटांत प्रवेश, आणि दोन सामन्यांच्या मध्यंतरात त्या सगळ्या तबकड्या सुरुंगाने उडवायच्या, असा बेत जाहीर झाला. सुमारे 50,000 माणसे आत आली. स्फोट झाला, मैदानात खड्डा पडला, आणि मग हजारो प्रेक्षक कठडे ओलांडून आत घुसले. आगी पेटल्या, पोलीस आले. दुसरा सामना खेळवताच आला नाही. तो डिट्रॉइटला बहाल करावा लागला.

हा तरुणांचा वात्रटपणा होता, दुसरे काही नव्हते, असे डाल पुढे सांगत राहिला. तसे असेलही. पण त्या रात्री मैदानावर प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करणारा एक काळा मुलगा होता, व्हिन्स लॉरेन्स. आलेल्या तबकड्या त्याने पाहिल्या. त्यांत कित्येक डिस्कोच्या नव्हत्याच. काळ्या गायकांच्या गाण्यांच्या होत्या, एवढेच त्यांचे डिस्कोशी नाते. कोणाचे संगीत जाळायला लोक आले आहेत हे त्या मुलाला तेथे कळले. मला स्वतःला या प्रसंगात विनोदापेक्षा होळीच जास्त दिसते. गंमत अशी, की हा मुलगा त्या कामाचे पैसे साठवत होता ते इलेक्ट्रॉनिक वाद्य विकत घेण्यासाठी! त्याने ते घेतले, आणि पाच वर्षांनी त्याच वाद्यकुलातून काय निघाले ते पुढे येतेच.

त्या रात्रीनंतर अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी डिस्कोचे विभाग भराभर गुंडाळले. (आपल्याकडे तेव्हा डिस्को नुकताच बोटीवरून उतरत होता. 1980 साली ‘कुर्बानी’, 1982 साली ‘डिस्को डान्सर’. तिकडे ज्याचे तेरावे झाले त्याचे इकडे बारसे!) फ्रँकीपुढे मोठीच अडचण उभी राहिली. दर शनिवारी वखारीत लोक येतच होते. त्यांना कोमिस्की पार्कशी काही देणे-घेणे नव्हते, त्यांना नाचायचे होते. पण नव्या तबकड्या निघेनात. जुन्या किती वेळा वाजवणार?

या टंचाईतूनच नव्या संगीताचा जन्म झाला. ध्वनिमुद्रणाचे शिक्षण घेतलेल्या एरॅस्मो रिव्हेरा या मित्राच्या मदतीने फ्रँकीने जुनी गाणी ध्वनिफितीवर घेतली आणि अक्षरशः कापून पुन्हा जोडायला प्रारंभ केला. गाण्यातले जे चार ठेके ऐकून पाय उचलतात ते चाराचे सोळा करायचे. गायिकेला उशिरा आत आणायचे. मध्येच सगळे वाद्य काढून नुसता ढोल ठेवायचा. तीन मिनिटांचे गाणे दहा मिनिटांचे व्हायचे आणि ऐकणाऱ्याला ते नवेच वाटायचे. रोजच्या भाकरीचा उरलेला चुरा करून गृहिणीने फोडणी द्यावी आणि घरातल्यांनी तीच मागून घ्यावी, तसा हा प्रकार झाला.

या संगीताला नाव कसे मिळाले त्याची हकिगत फ्रँकीच सांगत असे. 1981 साली तो शहराच्या दक्षिण भागातून मोटारीने जात होता. एका गुत्त्याच्या खिडकीत पाटी लावलेली, की येथे ‘हाउस’ संगीत वाजवले जाते. त्याने शेजारी बसलेल्या मैत्रीला विचारले, हे काय बुवा नवीन? उत्तर आले, तू वखारीत वाजवतोस तेच! वेअरहाउसमधले नुसते ‘हाउस’ उरले होते. तबकड्यांच्या दुकानांतही वखारीत वाजणाऱ्या गाण्यांवर तशा चिठ्ठ्या लागत. म्हणजे बाळाचे बारसे गावाने परस्पर उरकले, बापाला ते रस्त्यात कळले.

1982 च्या सुमारास विल्यम्सशी बिनसले. प्रवेशाचे पैसे वाढले होते, गर्दीचा पोतही बदलला होता. फ्रँकीने वखार सोडली आणि ‘पॉवर प्लांट’ नावाचे स्वतःचे नाचघर काढले. विल्यम्सने ‘म्युझिक बॉक्स’ काढून तेथे रॉन हार्डी याला बसवले. आता शिकागोत दोन घराणी झाली. फ्रँकीचे गाणे रेशमी, मोजून-मापून, गायकाच्या आवाजाला मान देणारे. हार्डीचे अंगावर येणारे, वेगवान, तबकडी उलटीसुद्धा वाजवणारे. तरुण पोरे दोन्हीकडे जात आणि वाद घालत.

याच वेळी जपानच्या रोलँड कंपनीची काही यंत्रे बाजारात पडून होती. टीआर-808 आणि टीआर-909 ही ढोल-ताशांचा आवाज काढणारी, टीबी-303 हे खर्जातल्या गिटारीची जागा घेणारे. एकट्या कलावंताला सरावाला साथ मिळावी हा मूळ हेतू. पण आवाज खऱ्या वाद्यांसारखा मुळीच नव्हता, म्हणून धंद्यात ती आपटली आणि जुन्या सामानाच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागली. ज्यांना वाद्यवृंद परवडत नाही त्या मुलांच्या हाती ती आपसूक आली. फ्रँकीनेही डिट्रॉइटच्या डेरिक मे नावाच्या तरुणाकडून एक 909 विकत घेतले. जुन्या गाण्याखाली तो या यंत्राचा ठोका घालू लागला, आणि ठोका असा, की तो कानाला नव्हे, छातीला ऐकू येई.

1984 साली जेसी सॉन्डर्सच्या नावाने ‘ऑन अँड ऑन’ ही तबकडी निघाली. शिकागोच्या या नव्या संगीताची ही पहिली तबकडी, असे बहुतेक इतिहासकार मानतात. त्या गाण्याचा सहकर्ता व्हिन्स लॉरेन्स. कोमिस्की पार्कवर जागा दाखवणारा तोच मुलगा! त्यानंतर पूर आला. घराघरांत, तळघरांत पोरे यंत्रे जोडून बसली. फ्यूचर नावाच्या त्रिकुटाने टीबी-303 ची बटने वेडीवाकडी पिळून एक किरकिरता, चिखलात बेडूक बोलावा तसा स्वर काढला. रॉन हार्डीने तो पहिल्यांदा वाजवला तेव्हा नाचघर रिकामे झाले. त्याने त्याच रात्री तो पुन्हा वाजवला, पुन्हा वाजवला, आणि चौथ्या खेपेला लोक वेडे झाले, अशी कथा आहे. 1987 साली ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ या नावाने ती तबकडी निघाली.

आणि येथे मुंबईचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग नावाचे एक मुंबईकर कलावंत होते. त्यांनी हीच टीबी-303 आणि टीआर-808 यंत्रे घेतली आणि 1982 साली भारतीय रागांना डिस्कोचा ठेका लावून दहा रागांची एक तबकडी काढली. एचएमव्हीने ती प्रसिद्ध केली. कोणी फारसे लक्ष दिले नाही. 2010 साली ती पुन्हा निघाली तेव्हा पाश्चात्त्य जाणकार चकित झाले, कारण शिकागोच्या पोरांनी जे पुढे पाच वर्षांनी केले त्याची छाया या भैरव-भैरवीत स्वच्छ ऐकू येत होती. शिकागोला मुंबईची खबर नव्हती आणि मुंबईला शिकागोची. एकाच यंत्राने दोन ठिकाणी एकाच दिशेचा हट्ट धरला, असे म्हणायचे. सिंग 2015 साली वारले. उतारवयात का होईना, युरोपातल्या तरुणांपुढे ते संगीत वाजवण्याचा योग त्यांना आला.

फ्रँकीकडे परत येऊ. नाचघरात वाजवणारा माणूस स्वतः संगीत निर्माण करू लागतो ती पायरी त्याने जेमी प्रिन्सिपल नावाच्या एका लाजाळू तरुणाच्या संगतीत ओलांडली. जेमीने ‘युअर लव्ह’ हे गाणे रचले होते. त्याची ध्वनिफीत फ्रँकी पॉवर प्लांटमध्ये कितीतरी दिवस वाजवत होता, आणि लोक दुकानांत जाऊन न निघालेली तबकडी मागत होते. फ्रँकीने त्या गाण्यावर पुन्हा संस्कार केले, आणि 1987 साली ट्रॅक्स या शिकागोतल्या कंपनीने ते बाजारात आणले. तबकडीवर नाव छापले फक्त फ्रँकी नकल्सचे. ज्याने शब्द लिहिले, ज्याचा आवाज त्यात आहे, त्या जेमीचे नावच नाही! हे गाणे आज या संगीतातले शिरोमणी मानले जाते, आणि कितीतरी वर्षे ते जगाने फ्रँकीचेच म्हणून ऐकले.

या कंपन्यांचा कारभार हा या इतिहासातला कडू घास आहे. पोरे विशी-पंचविशीतली, करारपत्र वाचण्याची सवय नाही, तबकडी निघते आहे याच आनंदात सह्या होत. हाती काही डॉलर पडत आणि गाणे कायमचे दुसऱ्याच्या मालकीचे होऊन जाई. ट्रॅक्सच्या तबकड्या तर जुन्या टाकाऊ तबकड्या वितळवून बनवत असे सांगतात. त्यांची खरखर ऐकली म्हणजे यात अतिशयोक्ती वाटत नाही. लॅरी हर्ड आणि रॉबर्ट ओवेन्स या दोघा कलावंतांना आपल्या गाण्यांच्या हक्कासाठी 2020 साली, म्हणजे तीस-पस्तीस वर्षांनी, कोर्टात जावे लागले. 2022 साली तडजोड होऊन गाणी त्यांना परत मिळाली. आपल्या लावणीकारांची आणि शाहिरांची गाणी ज्यांनी छापली त्यांची घरे उभी राहिली आणि शाहीर फडाच्या कनातीतच राहिला, हे आपण पाहिलेच आहे.

या संगीताला मायदेशाआधी मान मिळाला तो इंग्लंडात. 1986 साली फार्ले फंक याचे एक गाणे तिथल्या पहिल्या दहांत गेले आणि 1987 च्या जानेवारीत स्टीव्ह हर्लीचे ‘जॅक युअर बॉडी’ चक्क पहिल्या क्रमांकावर चढले. शिकागोच्या नभोवाणी केंद्रांपलीकडे अमेरिकेत ज्यांना कोणी विचारत नव्हते ती पोरे लंडनच्या विमानतळावर उतरली तेव्हा छायाचित्रकार उभे! त्याच वर्षी शिकागो महापालिकेने मद्य न विकणाऱ्या नाचघरांवरही वेळेचे निर्बंध घातले, आणि रात्रभर चालणाऱ्या बैठकींचा तेथे शेवट झाला. पॉवर प्लांट बंद पडले. फ्रँकी काही काळ लंडनला वाजवून न्यूयॉर्कला परतला.

दहा वर्षांनी तो परत आला त्या न्यूयॉर्कमध्ये त्याचे जुने सोबती पुष्कळसे उरले नव्हते. एड्सने नाचघरेच्या नाचघरे ओस पाडली होती. लॅरी लेव्हनचे पॅराडाइज गॅरेज 1987 साली बंद झाले, आणि नोव्हेंबर 1992 मध्ये लॅरी वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेला. तो फ्रँकीहून अधिक प्रतिभावान होता असे मानणारे अनेक आहेत. फ्रँकी स्वतःही त्याच्याविषयी नेहमी आदरानेच बोले. परंतु लॅरीला व्यसनांनी पोखरले होते. फ्रँकी वेळेवर येई, दिलेला शब्द पाळी, आणि वाजवून झाल्यावर घरी जाई. कलेच्या चरित्रकारांना हा गुण नीरस वाटतो, पण दीर्घ कारकीर्द याच गुणावर उभी राहते.

ज्यूडी वाइनस्टीन या व्यवहारचतुर बाईंच्या छत्राखाली डेव्हिड मोरालेस आणि फ्रँकी यांनी ‘डेफ मिक्स’ ही संस्था चालवली. आता मोठमोठे गायक आपली गाणी घेऊन त्याच्याकडे येऊ लागले. चाका खान, डायना रॉस, ल्यूथर व्हँड्रॉस, मायकेल जॅक्सन. कंपनीने गाण्याची मूळ ध्वनिफीत पाठवायची आणि फ्रँकीने ते गाणे नाचघरासाठी नव्याने बांधून द्यायचे, याला ‘रीमिक्स’ म्हणतात. वखारीत कात्रीने जे पोटापुरते चालले होते त्याचाच हा दरबारी अवतार. 1989 साली सातोशी तोमिए या जपानी तरुणाबरोबर आणि रॉबर्ट ओवेन्सच्या आवाजात ‘टिअर्स’ निघाले, 1991 साली ‘द व्हिसल साँग’. हे दुसरे म्हणजे शीळ घालावी तशी एक साधी धून. तिच्यात ना गर्जना ना धडाका, तरी अमेरिकेतल्या नृत्यगीतांच्या यादीत ती पहिली आली. ज्यांची डीजे या शब्दाशी ओळख केवळ वरातीतून झाली आहे त्यांनी ती धून एकदा घरात हळू आवाजात लावून ऐकावी.

1998 साली ग्रॅमी पारितोषिकांत रीमिक्ससाठी वेगळा सन्मान प्रथमच ठेवण्यात आला आणि तो फ्रँकीला मिळाला. एव्हाना जगभर या कलेचा मोठा धंदा झाला होता. विमानांनी फिरणारे, एका रात्रीला मोठमोठ्या रकमा घेणारे डीजे निपजले. फ्रँकीही देशोदेशी फिरत होता, पण तो त्या झगमगाटातला कधी झाला नाही. गोऱ्या तरुणांच्या ज्या प्रचंड मेळाव्यांत हे संगीत आज वाजते तिथल्या अनेकांना ते कोणाच्या वखारीतून निघाले याचा पत्ताही नसतो.

शिकागोने मात्र ओळख ठेवली. 25 ऑगस्ट 2004 रोजी वखार असलेल्या जेफरसन रस्त्याच्या त्या भागाला फ्रँकीचे नाव सन्मानाने देण्यात आले. या कामी साह्य करणाऱ्यांत इलिनॉय राज्याच्या सिनेटचे एक तरुण सभासद होते, बराक ओबामा. ज्या दारातून आत शिरताना माणसे इकडेतिकडे पाहून घेत त्याच दारावर सरकारी पाटी लागली.

शेवटची वर्षे दुखण्यात गेली. मधुमेह जडला होता, त्यातच बर्फावर घसरण्याच्या खेळात पायाला दुखापत झाली होती. 2008 साली एक पाऊल कापावे लागले. तरीही तो वाजवत राहिला. 2014 च्या मार्चअखेर त्याने लंडनमध्ये शेवटची बैठक केली, आणि परतल्यावर 31 मार्चला शिकागोतल्या राहत्या घरी त्याचे निधन झाले. वय 59. तेव्हा राष्ट्राध्यक्ष असलेले ओबामा आणि त्यांच्या पत्नी यांनी मित्रमंडळींना सांत्वनाचे पत्र धाडले.

2023 साली शिकागो महापालिकेने 206 दक्षिण जेफरसन ही इमारत संरक्षित वास्तू म्हणून जाहीर केली. फ्रँकीच्या तबकड्यांचा संग्रह शहराच्या दक्षिण भागातल्या स्टोनी आयलंड रस्त्यावर आहे. 1923 साली बांधलेली एक बँक तेथे वर्षानुवर्षे मोडकळीस येऊन पडली होती. थीस्टर गेट्स या कलावंताने ती सावरून तिचे कलाभवन केले, आणि 2015 साली ते लोकांसाठी खुले झाले. त्या भवनात हजारो तबकड्या ओळीने लावून ठेवलेल्या आहेत. त्या नुसत्या बघायच्या नाहीत. अधूनमधून त्यांतली एखादी काढून वाजवतात, आणि आलेली माणसे बँकेच्या फरशीवर नाचतात.